कीबोर्ड बिघडत नाही, लेआउट बदलतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात कॉम्प्युटर आणि मोबाईलबद्दल बरंच छापून येतं, नवे फोन, नवी ॲप्स, ऑनलाइन फसवणूक वगैरे, आणि ते यायलाच हवं. पण रोज टायपिंग करणाऱ्या माणसाला जी गोष्ट सगळ्यात जास्त छळते तिच्याबद्दल मी अजून कुठे धड वाचलेलं नाही, म्हणून हे पत्र. पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापायचंच असेल तर माझी मतं कापा, उपाय मात्र राहू द्या, कारण ज्यांना ते हवेत त्यांना ते कुणी सांगत नाही.

होतं असं की माणूस टाइप करत असतो, सगळं नीट चाललेलं असतं आणि मधेच भलतीच अक्षरं उमटायला लागतात. इंग्लिश लिहिता लिहिता मराठी येतं, मराठी लिहिता लिहिता इंग्लिश, नाहीतर भाषा तीच राहते पण चिन्हं जागा बदलतात, ई-मेलमधलं ॲट दाबावं तर अवतरणचिन्ह येतं. मग माणूस घाबरतो. कीबोर्ड गेला, व्हायरस शिरला, कुणीतरी मशीन हॅक केलं, इथपर्यंत विचार जातात. मशीन बंद करून परत चालू केलं की बऱ्याचदा सगळं जागेवर येतं, कारण सुरू होताना नेहमीचा ठरलेला लेआउट, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर याची मांडणी, परत लागतो, आणि त्यामुळे तर समज आणखीच पक्का होतो की मशीनमध्येच काहीतरी खराबी आहे. चांगला चालणारा कीबोर्ड काढून टाकून नवा आणलेले लोक मी पाहिलेत. नव्यावरही थोड्या दिवसांनी तेच झालं, होणारच होतं, बिघाड कीबोर्डात नव्हताच.

कीबोर्डला अक्षरं कळत नाहीत, एवढं एक समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. बटण दाबलं की कीबोर्ड फक्त एक नंबर पाठवतो, अमुक जागेवरचं बटण दाबलं गेलं एवढाच त्याचा अर्थ. यूएसबी कीबोर्डवर ए च्या बटणाचा नंबर 4, बी चा 5, असं करत करत क्यू चा 20. हा नंबर जागेचा असतो, बटणावर काय छापलंय त्याचा नाही. फ्रेंच कीबोर्डवर क्यू च्या जागी ए छापलेलं असतं, ते ए दाबलं तरी 20 च जातो. त्या 20 चं ए करायचं, क्यू करायचं की औकाराची मात्रा करायची हे विंडोज, मॅक किंवा लिनक्स ठरवतं आणि ज्या तक्त्यावरून ठरवतं तो तक्ता म्हणजे लेआउट. एकाच कॉम्प्युटरवर असे दोन-तीन तक्ते सहज असतात, मराठी लिहिणाऱ्याकडे तर असतातच असतात.

मग बिघाड कुठला आणि लेआउट बदलल्याचा गोंधळ कुठला हे कसं ओळखायचं? बटण खरंच खराब असेल तर ते एकटंच चालत नाही, किंवा एकदा दाबून दोनदा उमटतं, बाकीची बटणं ठीक असतात. लेआउट बदलला असेल तर खूप बटणं एकदम चुकतात आणि दर वेळी अगदी तशीच चुकतात. इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी-हिंदीसाठीचा ठरलेला लेआउट, चालू राहिलंय आणि आपण इंग्लिशमध्ये हेलो टाइप केलं तर ‘पाततद’ येतं, शंभर वेळा केलं तरी पाततदच येणार. मेल लिहिलं तर ‘सोगत’, प्रिंट लिहिलं तर ‘जीगलू’, कॉपी लिहिलं तर ‘मदजब’. ई-मेल पत्त्यातल्या ॲटच्या जागी नुसता चंद्र येऊन बसतो. उलट इंग्लिश चालू असताना इनस्क्रिप्टच्या सवयीने नमस्कार लिहायला गेलो की व्ही, सी, एम, डी, के, ई, जे अशी सात अक्षरं ओळीने दिसतात. हे एकदा कुणी दाखवून ठेवलं असेल ना, तर पाततद दिसल्यावर माणसाला घाम फुटत नाही, त्याला लगेच कळतं की इनस्क्रिप्ट चालू राहिलंय.

याहून फसवा प्रकार म्हणजे इंग्लिशमधून इंग्लिशमध्येच बदल होणं. अक्षरं सगळी बरोबर येत राहतात त्यामुळे शंकाच येत नाही. अमेरिकन लेआउटवर शिफ्ट आणि 2 म्हणजे ॲट, ब्रिटिश लेआउटवर तेच दाबलं तर दुहेरी अवतरण. शिफ्ट आणि 3 म्हणजे एकात हॅश आणि दुसऱ्यात पौंडाचं चिन्ह. यूएस इंटरनॅशनल नावाचा आणखी एक लेआउट असतो, त्यात अवतरणचिन्ह दाबलं की काहीच उमटत नाही, तो पुढच्या अक्षराची वाट बघत थांबतो, आणि पुढे ई दाबलं की डोक्यावर तिरपी रेघ असलेलं ई येतं. ती फ्रेंच-स्पॅनिश लिहिणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे, आपल्याला नुसतं अवतरण हवं असेल तर पाठोपाठ स्पेसबार दाबावा लागतो. वाय आणि झेड यांची अदलाबदल झाली असेल तर जर्मन लेआउट लागलाय असं समजायचं. ए-क्यू आणि झेड-डब्ल्यू यांची झाली असेल आणि आकड्यांसाठी शिफ्ट दाबावं लागत असेल तर फ्रेंच.

दोन गोष्टी लेआउटच्या वाटतात पण नसतात, त्या इथेच सांगतो. काही लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू झालं की जे, के, एल च्या जागी 1, 2, 3 आणि यू, आय, ओ च्या जागी 4, 5, 6 येतात, तिथे नम लॉक बंद करायचं, विषय संपला. आणि शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की विंडोज स्टिकी कीज चालू करू का विचारतं, घाईत हो म्हटलं जातं आणि मग शिफ्ट, कंट्रोल दाबलेलेच राहिल्यासारखे वागतात.

आता हा बदल होतो कशामुळे. ‘मी काहीच दाबलं नाही’ असं प्रत्येक जण सांगतो आणि तो खोटं बोलत नसतो. विंडोजमध्ये डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडलं की भाषा बदलते. कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडलं की त्याच भाषेतला लेआउट बदलतो, म्हणजे एका भाषेला एकाहून जास्त लेआउट लावलेले असतील तर. ही दोन्ही जोड्यांची बटणं दिवसभरात आणखी कशाकशाला लागतात बघा. कंट्रोल शिफ्ट आणि बाण म्हणजे एकेक शब्द सिलेक्ट करत जाणं, कंट्रोल शिफ्ट टी म्हणजे ब्राउझरमधला बंद केलेला टॅब परत उघडणं, ऑल्ट शिफ्ट टॅब म्हणजे उघड्या विंडोंमधून उलट्या दिशेने जाणं, वर्डमध्ये ऑल्ट शिफ्ट आणि वरखालचा बाण म्हणजे अख्खा परिच्छेद वर किंवा खाली सरकवणं. म्हणजे जो माणूस माउसला हात न लावता भराभर काम करतो त्याची बोटं सारखी याच बटणांवर असतात, मधेच विचार बदलला, तिसरं बटण दाबायचं राहून गेलं आणि बोटं उचलली की विंडोजच्या लेखी तो भाषा बदलायचा हुकूम झाला. स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यातली दोन-तीन अक्षरं तेवढी बदलतात. तिकडे कोण बघतंय, नजर मजकुरावर नाहीतर समोरच्या कागदावर असते.

बोटांचा काहीच संबंध नसतानाही बदल होतो. वर्डमध्ये एक सेटिंग आहे, फाइल, मग ऑप्शन्स, मग ॲडव्हान्स्ड मध्ये, आजूबाजूच्या मजकुराची भाषा बघून कीबोर्ड आपोआप बदलायचं. मराठी परिच्छेदात क्लिक केलं की मराठी, इंग्लिश परिच्छेदात केलं की इंग्लिश. ऐकायला फार छान वाटतं, पण ज्या फाइलीत दोन्ही भाषा एकमेकींत मिसळलेल्या असतात तिथे ही सोय जीव खाते, कारण मराठी वाक्याच्या मधे एखादा इंग्लिश शब्द असला आणि कर्सर त्याला चिकटला तरी तिचा अंदाज चुकू शकतो. मी ती बंद करा म्हणूनच सांगतो. दुसरं म्हणजे विंडोजमध्ये प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळा लेआउट ठेवायची खूण (टिक) असते. विंडोज 7 पर्यंत हेच नेहमीचं वागणं होतं, विंडोज 8 पासून सगळीकडे एकच लेआउट असं झालं, आणि ज्याला जुनं हवं त्याच्यासाठी ही खूण ठेवली. मराठीत वर्ड आणि इंग्लिशमध्ये ब्राउझर असं पक्कं काम विभागलेलं असेल तर ती उपयोगी आहे. पण कुणीतरी लावून ठेवली आणि वापरणाऱ्याला माहीतच नाही, तर विंडो बदलली की भाषा बदलते आणि त्याला काही केल्या कारण सापडत नाही.

पहिल्यांदा काय करायचं ते आता सांगतो. हात थांबवायचे आणि कोपऱ्यात भाषेची खूण बघायची. मग विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा, लेआउटची यादी समोर येते, हवा तो लेआउट येईपर्यंत स्पेसबार दाबत राहायचं. ऑल्ट शिफ्टपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण आपण कुठे चाललोय ते दिसतं. तरीही काय लागलंय ते कळत नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबायचं, स्क्रीनवर कीबोर्डचं चित्र उघडतं आणि त्यावर आत्ता चालू असलेल्या लेआउटचीच अक्षरं दिसतात. शिकणाऱ्यांना यासारखी दुसरी मदत नाही, इनस्क्रिप्टचे स्टिकर चिकटवायचीही गरज पडत नाही.

पण हे झालं तात्पुरतं. कायमचं करायचं असेल तर दोन-तीन कामं एकदाच करून टाकायची.

पहिलं म्हणजे नको असलेले लेआउट काढा. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज, प्रत्येक भाषेच्या ऑप्शन्समध्ये तिच्याखाली लावलेले कीबोर्ड दिसतात. इंग्लिशखाली यूएस सोडून दुसरं काही वापरत नसाल तर काढा. यूएस आणि यूके अशा दोन इंग्लिश नुसत्या पडून असतील तर एक काढा. मराठीखाली इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्लिश अक्षरांनी मराठी लिहायचं) दोन्ही असतील तर जे हाताला बसलंय ते ठेवा. तक्ता एकच राहिला तर बदलायला काही उरतच नाही, आणि दोन राहिले तर निदान तिसऱ्याच ठिकाणी जाऊन अडकणं बंद होतं.

कधी कधी एक लेआउट कोपऱ्यातल्या यादीत दिसतो पण सेटिंग्जमध्ये सापडत नाही, मग काढायचा कुठून? त्यावर चालणारा उपाय असा की तीच भाषा आणि तोच लेआउट सेटिंग्जमध्ये मुद्दाम जोडायचा आणि लगेच काढायचा, बहुतेक वेळा तो जातो. न गेल्यास ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लँग्वेज सेटिंग्जमध्ये कॉपी सेटिंग्ज म्हणून बटण आहे, त्यात वेलकम स्क्रीन आणि नवीन यूझर यांना काय लावलंय ते दिसतं. तिथे जुनी भाषा राहिलेली असते आणि तिथूनच ती परत परत येत असते, आपली सेटिंग्ज तिकडे कॉपी केली की थांबते. ऑफिसात दुसऱ्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जाणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो कारण जिथून जातो तिथला लेआउट पलीकडच्या मशीनवर सोबत जातो. तो नेऊ नये असं सांगायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट नावाची व्हॅल्यू लावता येते, पण ते काम ऑफिसच्या आयटीवाल्यांनीच करावं, आपण रजिस्ट्रीत हात घालू नये.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं, ऑल्ट शिफ्ट आणि कंट्रोल शिफ्ट बंद करणं. स्टार्टमध्ये ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज शोधा, त्यात इनपुट लँग्वेज हॉट कीज वर क्लिक करा, जुन्या पद्धतीची एक छोटी विंडो उघडते. तिथे चेंज की सीक्वेन्स दाबलं की भाषेसाठी आणि लेआउटसाठी अशा दोन बाजू दिसतात, दोन्हीकडे नॉट असाइन्ड करा, ओके करा. झालं. विंडोज आणि स्पेसबार चालूच राहतं, ते सहसा चुकून दाबलं जात नाही. इतकं छोटं काम आहे हे, पण किती आत पुरून ठेवलंय बघा, आणि नावं अशी की ज्याला त्रास होतोय त्याला ती सुचणारच नाहीत, त्याला काय माहीत की आपल्या दुखण्याला हॉट की म्हणतात.

त्याच विंडोत आणखी एक गोष्ट करता येते आणि ती मला सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक भाषेला स्वतःचं वेगळं बटण देता येतं, उदाहरणार्थ डावं ऑल्ट, शिफ्ट आणि 1 म्हणजे इंग्लिश, ऑल्ट, शिफ्ट आणि 2 म्हणजे मराठी. यात आणि नेहमीच्या ऑल्ट शिफ्टमध्ये फार मोठा फरक आहे. नेहमीचं बटण आलटूनपालटून चालतं, म्हणजे ते दाबण्याआधी आत्ता काय चालू आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे, आणि सगळा गोंधळ नेमका ते माहीत नसल्यामुळेच तर होतो. भाषेचं स्वतःचं बटण असलं की आधी काय होतं याच्याशी देणंघेणं नाही, मराठीचं दाबलं की मराठी, आधी मराठीच असेल तरी मराठीच. शंका आली की दाबायचं, दोनदा दाबलं तरी बिघडत नाही. दोन भाषांत रोज लिहिणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मॅकवर भाषा बदलायला कंट्रोल आणि स्पेस किंवा कीबोर्डच्या कोपऱ्यातलं ग्लोबचं बटण असतं. ग्लोबचं बटण चुकून लागत असेल तर कीबोर्ड सेटिंग्जमध्ये त्याला काहीच करू नकोस असं सांगता येतं. कॅप्स लॉकने इंग्लिश आणि दुसरी भाषा बदलायचीही सोय तिथे आहे, आणि कागदपत्राप्रमाणे आपोआप भाषा बदलायची खूणसुद्धा, ती मी वर सांगितलेल्या वर्डच्या सेटिंगच्याच जातीची आहे. लिनक्सवर ग्नोम नावाच्या डेस्कटॉपमध्ये सुपर (म्हणजे विंडोजचंच बटण) आणि स्पेस. तिथे दोन फार चांगल्या गोष्टी मिळतात, एक म्हणजे कॅप्स लॉक दाबलं की पहिला लेआउट आणि शिफ्ट कॅप्स लॉक दाबलं की दुसरा असं लावता येतं, म्हणजे पुन्हा प्रत्येकाला आपापलं बटण, आणि दुसरं म्हणजे दुसरा लेआउट चालू असताना कीबोर्डवरचा स्क्रोल लॉकचा दिवा लागेल असं करता येतं. नजर स्क्रीनवर नसली तरी दिवा दिसतो. मोबाईलवर ग्लोबचं बटण स्पेसबारच्या शेजारीच असतं आणि अंगठा लागतो, पण तिथे निदान अक्षरं समोर बदललेली दिसतात त्यामुळे त्रास कमी.

पासवर्डबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, कारण खरं नुकसान तिथे होतं. पासवर्डच्या चौकटीत अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, त्यामुळे लेआउट बदललाय हे कळायला काहीच मार्ग राहत नाही. माणूस बरोबर पासवर्ड टाकतो, चुकीचा म्हणून येतं, तो परत टाकतो, आणखी सावकाश टाकतो, आणि शेवटी खातं लॉक होतं. पासवर्डमध्ये ॲट किंवा हॅश असेल आणि यूएसच्या जागी यूके लागलं असेल तर बाकी सगळी अक्षरं बरोबर असून एकाच चिन्हावर अडतं, आणि ते तर कुणाच्या लक्षात येणंच अवघड. वयस्कर माणसांना अशा वेळी वाटतं की आपल्याला आता लक्षात राहत नाही. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना नीट आठवत असतं, चूक त्यांच्या स्मरणशक्तीची नसते. म्हणून पहिल्यांदा नापास झालं की दुसऱ्यांदा टाकण्याआधी कोपऱ्यातली भाषा बघा, लॉगिनच्या स्क्रीनवरही एकाहून जास्त लेआउट असतील तर ती खाली दिसते. चौकटीत डोळ्याचं चित्र असेल तर ते दाबून बघा काय उमटतंय. डोळा नसेल आणि आजूबाजूला कुणी नसेल तर यूझरनेमच्या चौकटीत एक-दोन चिन्हं टाकून बघा आणि पुसून टाका.

कॅप्स लॉक चालू असलं तर विंडोज आणि मॅक दोन्ही लॉगिनच्या वेळी इशारा देतात ना? मग पासवर्डच्या चौकटीशेजारी चालू लेआउटचं नाव ठळक दाखवायला काय अडचण आहे? मॅकमध्ये 2023 च्या सोनोमा आवृत्तीपासून भाषा बदलली की कर्सरच्या खालीच छोटी खूण दिसते, नजर जिथे असते तिथेच. हे सगळ्यांनी करायला हवं होतं आणि फार आधी करायला हवं होतं. कोपऱ्यात खूण बदलून आम्ही कळवलं होतं असं म्हणणं पुरेसं नाही.

आता जे लिहून झालंय त्याचं काय? दोन परिच्छेद मान खाली घालून टाइप केले, वर बघितलं तर सगळं पाततदच्या भाषेत. अनडू केलं तर मजकूर मागे जातो पण लेआउट मागे जात नाही, त्यामुळे लोक सगळं पुसतात, परत टाइप करतात आणि परत तेच उमटतं. पुसू नका. एका तक्त्याने उमटलेलं दुसऱ्या तक्त्याने वाचता येतं, ते हरवलेलं नसतं. जगभर हेच होतं आणि काही ठिकाणी यावर साधनंही आहेत. रशियन माणूस इंग्लिश चालू असताना त्यांचं नमस्कार, म्हणजे प्रिव्येत, लिहायला गेला की जी, एच, बी, डी, टी, एन अशी अक्षरं उमटतात. हिब्रूतलं शालोम ए, के, यू, ओ असं उमटतं. रशियनसाठी यांडेक्स या कंपनीचा पुंतो स्विचर नावाचा प्रोग्राम आहे, तो अशी अक्षरं ओळखून शब्द जागच्या जागी दुरुस्त करतो आणि लेआउटही बदलून देतो.

इनस्क्रिप्टला हे करणं अवघड नाही. इनस्क्रिप्टमध्ये ज्या क्रमाने बटणं दाबतो त्याच क्रमाने अक्षर साठवलं जातं, आधी व्यंजन मग वेलांटी, पहिली वेलांटी दिसायला आधी असली तरी, त्यामुळे एकेक अक्षर उलट फिरवलं की मूळ मजकूर मिळतो. अडचण येते ती थोड्या बटणांची, कारण शिफ्ट धरून 5, 6, 7, 8 दाबलं की ज्ञ, त्र, क्ष, श्र ही जोडाक्षरं एकदम येतात आणि तीच जोडाक्षरं सुट्ट्या तीन बटणांनीही लिहिता येतात, मग उलट फिरवताना मूळ बटण कुठलं होतं हे नक्की सांगता येत नाही. पण आजूबाजूचे शब्द बघून तेही सुटेल. जे फोनेटिकने किंवा शब्द सुचवणाऱ्या साधनाने लिहितात त्यांचं मात्र असं सरळ फिरवता येणार नाही, तिथे एका बटणाला एक अक्षर असा हिशोबच नसतो. ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं अशा तुमच्या वाचकांपैकी कुणीतरी हे मनावर घ्यावं, सिलेक्ट केलेला मजकूर एका बटणाने इनस्क्रिप्टमधून इंग्लिशमध्ये आणि उलट करून देणारं साधं साधन, इंटरनेटशिवाय चालणारं. इंटरनेटशिवाय म्हणतो कारण अशा चुकलेल्या मजकुरात लोकांचे पासवर्डही असू शकतात, तो कुठल्याही वेबसाइटवर नेऊन चिकटवू नये.

कॉम्प्युटर शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की मराठी टायपिंग ज्या दिवशी शिकवाल त्याच दिवशी हेही शिकवा. लेआउट जोडायचा कसा हे सगळे शिकवतात, चुकून बदलला तर परत कसं यायचं आणि चुकून बदलूच नये म्हणून काय करायचं हे कुणी शिकवत नाही. मुलांना मुद्दाम पाततद उमटवून दाखवा, नमस्कारची ती सात इंग्लिश अक्षरं दाखवा, त्यांना मजाही वाटेल आणि पुढे भीती राहणार नाही.

आणि शेवटची मागणी टायपिंगच्या परीक्षा घेणाऱ्यांकडे. तिथे मिनिटांवर सगळं असतं. अनोळखी मशीन असतं, आधीच्या उमेदवाराने काय लावून ठेवलंय कुणाला माहीत नसतं, आणि मधेच लेआउट बदलला तर उमेदवार तो शोधत बसतो आणि वेळ निघून जातो. परीक्षेआधी प्रत्येक मशीनवरचे नको ते लेआउट काढून टाकावेत, ऑल्ट शिफ्ट आणि कंट्रोल शिफ्ट नॉट असाइन्ड करून ठेवावं, उमेदवाराला वेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही भाषांत एकेक ओळ टाइप करून बघू द्यावी, आणि परीक्षेत लेआउटचा घोळ झालाच तर तेवढा वेळ वाढवून द्यावा असा नियम लेखी असावा. तुम्ही हे पत्र छापलंत तर त्याचं कात्रण मी स्वतः संबंधितांकडे पाठवणार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
रोज दोन भाषांत टाइप करणारा एक वाचक